वाढ्याच्या मोळीचं तिकीट

आमच्या चेअरमननी आयुष्यात एकच सिनेमा काढला, आणि तो पडला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले.

बीडच्या टॉकीजमध्ये आठवडाभरासाठी घेतलेला पडदा मालकानं चौथ्या दिवशीच काढून घेतला होता. गल्ला इतका कमी की पडद्याचं भाडंसुद्धा निघेना. आम्ही सगळे टॉकीजसमोरच्या लिंबाखाली तोंडं पाडून उभे होतो. आम्ही सगळे म्हणजे सिनेमात काम केलेले आणि सिनेमात पैसे घातलेले. दोन्ही माणसं एकच होती. तेवढ्यात चेअरमन पलीकडच्या हलवायाच्या दुकानातून पुडा घेऊन आले आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवू लागले.

"हे कावून?" भानुदास अण्णा खेकसले. सिनेमात सगळ्यात जास्त पैसे त्यांचे होते. "कुणाचं बारसं हाय का?"

"अण्णा, परवा आलेल्यातली चौघं आज परत आली," चेअरमन म्हणाले. "तिकीट काढून आली. मी दारातच उभा हाय की, तोंडं वळखू येतेत. पहिल्यांदा माणूस चुकून येतो. दुसऱ्यांदा पैसे देऊन कोण येतं? सिनेमा चालतोय. फक्त आपलं गाव चुकलं."

अण्णांनी पेढा खाल्ला, पण चेहरा तसाच ठेवला. मी तर रडायच्या बेतात होते. कारण त्या सिनेमाची नायिका मी होते.

ते आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागायची, माणसं ऊसतोडीला निघून जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. चेअरमनना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो, पण त्यांना काका कुणी म्हटलं नाही. वैशाखातही अंगात काळा लोकरी कोट. कोटाच्या वरच्या खिशात लोक पेन लावतात तिथं त्यांचा लॅक्टोमीटर असायचा, दुधातलं पाणी ओळखायची ती काचेची नळी. एखादा पुढारी गावात भाषण करून गेला की चेअरमन ती नळी काढायचे, हवेत धरून एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "पाणीच पाणी. फॅट न्हाई." माणसं, लग्नं, कीर्तनं, सगळं ते फॅटवर तोलायचे. एकदा माझ्या शिवणक्लासात आले, मी शिवलेला ब्लाउज उलटून आतली शिवण बघितली आणि म्हणाले, "साडेसहा फॅट. म्हशीचं हाय." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नव्हती.

दुसरी खोड ठरावाची. सहकारात उभं आयुष्य गेल्यामुळं त्यांना साधं बोलताच यायचं नाही. घरी वांगी करायची की दोडका, याचाही ठराव. "सूचक मी. अनुमोदन कोण देतंय?" काकू चुलीपुढून ओरडायच्या, "माझा इरोध लिवून घ्या!" मग दोडका व्हायचा. काकूंच्या विरोधापुढं त्यांचा एकही ठराव कधी पास झालेला मला माहीत नाही. काम संपलं, गोष्ट पटली, चहा आवडला, कशालाही त्यांचा एकच शब्द: "मंजूर!" तोही असा खणखणीत, की गोठ्यातली वासरं दचकायची.

लहानपणी ते आईबापासोबत तोडीला गेले होते. तिथं कारखान्यावरच्या तंबूत त्यांनी सिनेमे बघितले, आणि ते वेड हाडात शिरलं ते शिरलंच. पण त्यांची एक तक्रार होती, ती ते भेटेल त्याला सांगत. "एवढे सिनेमे बघितले. सिनेमात समदे चहा पितेत, पेढे खातेत, लग्नात जिलब्या वाढतेत. पण ऊस कुणी तोडत न्हाई. मग ही साखर येती कुठून?"

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला तेव्हा संस्थेचं दूध आटलं. कॅन पालथे पडले, तोलाईचा काटा गंजायला लागला. गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली आणि तिची व्यवस्था संस्थेकडं आली. माणसांच्या हाताला काम नाही, पोटात काळजी, आणि अशात एक दिवस चेअरमननी संस्थेच्या ओट्यावर सभा बोलावली. वाटलं, चाऱ्याचं काही असेल.

"दूध संपलं," ते म्हणाले. "पण आपण उत्पादक हाव. काहीतरी उत्पादन केलं पायजे. मी सिनेमा सुचवतो. अनुमोदन कोण देतंय?"

कुणी हसलंसुद्धा नाही. उन्हानं माणूस बिघडतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी देते." काकू उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला अनुमोदन दिलं होतं. लोक हबकले ते सिनेमाला नाही, काकूंना.

दूध संस्थेच्या पैशाला हात लावायचा नाही, हे काकूंनी तिथंच बजावलं. म्हणून नवी संस्था काढायची ठरली, चित्रपट उत्पादक सहकारी संस्था. बीडच्या ऑफिसातले साहेब अर्ज बघून चष्मा पुसत बसले. "अहो, अशी संस्था असते का?"

"दूध उत्पादकांची हाय, ऊस उत्पादकांची हाय," चेअरमन म्हणाले. "साहेब, तुमी सिनेमा बघता का न्हाई?"

"बघतो की."

"मग त्याचे उत्पादक कुटंतरी असतीलच."

साहेब भले होते. हसले, दोनतीन महिने त्यांनी वर लिहापढी केली आणि नोंदणी मिळवून दिली. मात्र जाताना म्हणाले, "चेअरमन, बुडाला तर माझं नाव घेऊ नका." म्हणून अजून घेत नाही.

एक भाग शंभर रुपयांचा. चेअरमननी अट घातली की बाईचा भाग बाईच्याच नावावर लागला पाहिजे. कुणी डोरलं मोडलं, कुणी उचलीतले बाजूला काढले. उचल म्हणजे तोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. ते फेडता फेडता सालं जायची. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी अंगमेहनत भाग म्हणून लिहून दिली. भानुदास अण्णांची बागायत जमीन होती, एकदा पंचायत समितीवर निवडून आलेले होते. त्यांनी एकरकमी मोठी रक्कम दिली आणि सांगितलं, "हिरो मी."

"सिनेमात हिरोच न्हाई," चेअरमन म्हणाले. "हिरोईन हाय. तुमी मुकादम व्हा. सगळ्यात जास्त डायलॉग त्यालाच हायेत."

डायलॉग जास्त म्हटल्यावर अण्णा खूश झाले. ती आमची सगळ्यात मोठी चूक होती, आणि आमचं सगळ्यात मोठं नशीबही.

सिनेमाचं नाव 'मुकादमीण'. गोष्ट साधी. एक तोडकरीण, नवरा आजारी, मुकादम हंगामाच्या शेवटी हिशेबात फसवतो. ती त्याच्या कानफाटात मारते, टोळी आपल्या हातात घेते आणि पुढच्या हंगामात स्वतः मुकादमीण होऊन निघते. चेअरमननी ती छावणीत बसून तोंडीच रचली होती. पण नायिका मिळेना. बीडहून कलापथकातली एक बाई बघायला आली आणि ऊन बघून त्याच गाडीनं परत गेली. गावातल्या पोरींचे बाप पोरींची नावं घेऊ देईनात. शेवटी चेअरमन आणि काकू आमच्या घरी आले.

आई जोंधळे निवडत होती. तिची अर्धी हयात फडात गेलेली. तळहात असे की माझ्या क्लासातलं रेशीम तिला हाताळू द्यायला मी भ्यायचे, धागे निघायचे. तिनं वर न बघता विचारलं, "नाचायचं हाय का त्यात?"

"न्हाई," चेअरमन म्हणाले.

"कुणाच्या गळ्यात पडायचं?"

"न्हाई. मुकादमाच्या कानफाटात मारायची हाय."

आईचा हात थांबला. सूप बाजूला ठेवून ती उठली आणि आतल्या खोलीतल्या डब्यातून नोटा घेऊन आली. "माझा एक भाग लिवा," म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तू जोरात मार."

कॅमेरा रशीदभाईंचा. बीडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि कुठल्याशा लिलावात घेतलेला सोळा एमएमचा कॅमेरा नि त्याच मापाचं सिनेमा दाखवायचं मशीन त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलेलं होतं. बारीक, चिडखोर, नमाजाला आणि चहाला वेळेवर थांबणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि दम दिला. "देखो बाई, देखो अण्णा. रील सोन्याच्या भावानं आती. एक सीन, एकच टेक. चुकले तरी पुढं चलो. रुकना नक्को."

एक रीळ किती मिनिटं चालतं आणि त्याला किती रुपये पडतात, हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं. पोरगं रडलं की आया म्हणायच्या, "गप, रीळ जळतंय."

मोठी अडचण वेगळीच होती. ऊसतोडीचा सिनेमा, आणि आसपास उसाचं एक कांडं नाही. दुष्काळात फड आणायचा कुठून? चेअरमन दोन दिवस छावणीत बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी 'मंजूर!' असं ओरडतच आले. छावणीतल्या जनावरांना चारा म्हणून लांबून ऊस यायचा. सकाळी ट्रक रिकामा होई. त्यांनी ठरवलं, ऊस जनावरांपुढं टाकायच्या आधी दुपारपर्यंत रानात रोवायचा. आम्ही सगळे मिळून नांगरटीत ऊस खोचायचो, रशीदभाई कॅमेरा खाली ठेवायचे म्हणजे फड दाट दिसेल, आणि आम्ही तो तोडायचो. खरा कोयता, खरा घाम. तोडून झाला की मोळ्या बांधून जनावरांपुढं. आजचा फड आजच पोटात. जनावरं उपाशीपोटी वाट बघत हंबरायची, आणि तो आवाज टेपवर येत राहायचा. सिनेमातल्या प्रत्येक दुःखी प्रसंगाला पाठीमागं म्हशी ओरडतात त्या त्यामुळं.

छावणी तपासायला आलेले एक अधिकारी जीपमधून उतरले आणि बघतच राहिले. भोवती सगळं रान भेगाळलेलं, मधे दीड गुंठा हिरवागार ऊस. "हे कसं काय?" त्यांनी विचारलं. चेअरमननी खरं ते सांगितलं, ट्रकचं वजन आणि जनावरांचा आकडा दाखवला. काही कमी नव्हतं. साहेब वळून ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी जरा मागं घे. फोटोत येईल."

आता तो दिवस. मुकादम हिशेब करतो तो प्रसंग. छावणी उठायची वेळ आली होती, शूटिंग उरकायची घाई होती, आणि रशीदभाईंच्या कॅमेऱ्यात शेवटचं रीळ होतं. अण्णा बाजल्यावर बसलेले, डोक्याला जरीचा फेटा. मी समोर उभी. माझ्यामागं गावातल्या बाया, त्यांत आई. अण्णांना भलं मोठं भाषण होतं. उचल किती, खाडे किती, त्यांची बायको गेले आठ दिवस त्यांच्याकडून घोकून घेत होती. त्याच्या शेवटच्या शब्दाला धरून माझं वाक्य होतं.

"तुज्या नवऱ्यानं उचल घेतली," अण्णांनी सुरुवात तर झकास केली. "तिच्यावर खाडे धरले. त्या खाड्यावर... खाड्यावर..." त्यांनी वर आभाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि अगदी घरच्यासारखं म्हणाले, "थांब, इसरलो."

मी रशीदभाईंकडं पाहिलं. ते कॅमेऱ्याला डोळा लावून, मोकळ्या हातानं 'चलो, चलो' करत होते. मला माझं वाक्य आठवेना, कारण ते ज्याला टांगायचं तेच नव्हतं. मला फक्त आईचे तळहात आठवले, आणि दर हंगामाच्या शेवटी ती हिशेबाला जायची आणि "मुकादम म्हनला इसरलो, पुढच्या साली बगू," असं सांगत परत यायची ते आठवलं.

"तू इसरलास," मी म्हणाले. "मी न्हाई इसरले."

आणि दिली ठेवून. खोटी मारायची असं ठरलं होतं. ती खरी बसली. जरीचा फेटा उडाला. अण्णा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. तसं बघणं त्यांना शिकवून कधी जमलं नसतं. तेवढ्यात चेअरमनचा आवाज घुमला, "मंजूर!" 'कट' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसलाच नाही. तो आवाजही टेपवर आला, आणि तो काढायला पैसे नव्हते म्हणून सिनेमातही राहिला.

अण्णा गाल चोळत म्हणाले, "हे काढून टाका. पुन्हा घ्या. मी रीळ आणून देतो."

चेअरमननी तिथंच ठराव टाकला. बाजूनं एक हात वर झाला, अण्णांचा. विरोधात सगळ्या बायांचे. आईनं दोन्ही हात वर केले होते.

रिळं धुणं, जोडणं, आवाज बसवणं, हे सगळं मुंबईला झालं. चेअरमन तुपाचा डबा घेऊन तिथं महिनाभर राहिले. एकूण खर्च पावणेदोन लाख. तो आकडा ते कधी लपवत नसत. उलट सिनेमाच्या पाटीवर नट-नट्यांच्या नावांआधी तोच यायचा: 'या चित्रपटाला झालेला खर्च', आणि खाली रुपये, पैसे. सभासदांचा पैसा आहे, त्यांना पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

बीडच्या टॉकीजमध्ये नेमकं हेच बघून लोक हसले. हसण्यासारखं पुष्कळ होतं म्हणा. रशीदभाईंचं मशीन लहान, त्यामुळं मोठ्या पडद्यावर आमचा सिनेमा मधोमध रुमालाएवढा दिसायचा. म्हशी ओरडायच्या. 'थांब, इसरलो'ला तर शिट्ट्या पडल्या. एका पेपरात आलं की हा सिनेमा चाऱ्यासकट छावणीत पाठवावा. चौथ्या दिवशी सिनेमा उतरला आणि चेअरमननी पेढे वाटले, ते मी आधी सांगितलंच.

पुढचा महिना वाईट गेला. अण्णा गावात तोंड दाखवेनात. ज्यांनी डोरलं मोडलं होतं त्यांच्या घरात भांडणं झाली. माझ्या क्लासातल्या पोरी कमी झाल्या. "सिनेमावाली" असं माझ्या पाठीमागं म्हणायचे. आई मात्र कुणी बोललं की विचारायची, "तू बगितला का? मग बगून ये, मग बोल."

चेअरमन शांत होते. "गाव चुकलं" हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा गावानं बघितलं, एका ट्रकमध्ये चुली, गोधड्या, कोंबड्या आणि त्यांच्यामधे गोणपाटात गुंडाळलेलं मशीन नि ते चालवायला भाड्यानं घेतलेला जनरेटर. मशीनला टेकून रशीदभाई, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी लोकरी कोटात चेअरमन. काकू मागं बायांत बसलेल्या. साखर कारखान्यांच्या मुलखात निघाले होते.

तिथं तोडकरी पाचटाच्या खोपटांत राहतात, कोपी म्हणतात त्याला. दिवेलागणीला भाकरी झाल्या की चेअरमन कोप्यांच्या मधोमध दोन बांबू ठोकून धोतराचा पडदा ताणायचे. तिकीट दोन रुपये. पण हंगाम संपेपर्यंत तोडकऱ्याच्या हातात रोकड नसते. असतं ते वाढं, उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. तो तोडकऱ्याचा हक्काचा. बैलांना घालून उरेल तो गावात विकायचा. चेअरमननी जाहीर केलं, "पैसे नसतील तर वाढ्याची एक मोळी. बाया-लेकरांना अर्धी." तो पाला ते सकाळी दुधवाल्या शेतकऱ्यांना विकायचे. दुष्काळाचं साल, हिरव्या चाऱ्याला सोन्याचा भाव. दूध संस्थेचा चेअरमन तो, कुणाच्या गोठ्याला किती लागतो हे त्याला न सांगता कळायचं.

पहिल्या आठवड्यात मोळ्यांचा ढीग गुडघ्याएवढा. दुसऱ्या आठवड्यात डोक्याच्या वर. काकूंनी सांगून पाठवलं, "पोरीला घेऊन या, हितं समद्या बाया इचारतेत ती खरी हाय का." मी आणि आई एसटीनं गेलो. उतरलो तर कोप्यांच्या पलीकडं वाढ्याची गंजी, घराएवढी. रशीदभाई तिच्या सावलीत चहा पीत बसलेले. म्हणाले, "आओ बाई. ये तुम्हारा बॉक्स ऑफिस."

संध्याकाळी मी मागं पदर ओढून बसले. मशीन सुरू झालं आणि पाटीवर खर्चाचा आकडा आला, तर लोक तो मोठ्यानं वाचायला लागले. म्हशी ओरडल्या तेव्हा कोप्यांबाहेरच्या बैलांनी ओ दिली आणि माणसं खुशीत हसली. हे बीडचं हसणं नव्हतं. रोवलेला ऊस दिसला की पुरुष म्हणायचे, "बुंध्यापासून धर, बुंध्यापासून!" आणि मग हिशेबाचा प्रसंग आला. अण्णांनी आभाळाकडं बघितलं, आणि सगळ्या पुरुषांनी त्यांच्याबरोबर म्हटलं, "थांब, इसरलो." मग सगळ्या बाया एका दमात म्हणाल्या, "तू इसरलास. मी न्हाई इसरले!" थप्पड बसली आणि सगळा तळ ओरडला, "मंजूर!"

मला हुंदका फुटला. शेजारच्या म्हातारीनं वळून बघितलं, माझी हनुवटी धरून कंदिलाकडं फिरवली. "हीच की गं ती," ती म्हणाली. "आपल्यासारकीच हाय. बारीक हाय नुसती."

'मी न्हाई इसरले' हे वाक्य नुसतं सिनेमातच राहिलं असतं तर काहीच झालं नसतं. पण ते एका टोळीत हिशेबाच्या वेळी निघालं. मुकादम म्हणाला, मागल्या आठवड्याच्या खेपा आठवत नाहीत, आणि चार बाया एकदम म्हणाल्या, "आमी न्हाई इसरलो." मग दुसऱ्या टोळीत, तिसऱ्या. मुकादम कारखान्यावर गेले, आणि कारखान्याच्या माणसांनी येऊन मशीन उचलून गोदामात कुलूप लावून ठेवलं. परवानगी नाही म्हणे.

रशीदभाई कोसळल्यासारखे झाले. "चेअरमनसाब, मेरी जिंदगी है उसमें." चेअरमननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण पहिल्यांदाच त्यांना ठराव सुचत नव्हता. पावणेदोन लाखांतले निम्मेही अजून वसूल व्हायचे होते. मशीन गेलं म्हणजे सगळं गेलं.

सकाळी फडात कुणी गेलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. बाया कोयते पदराखाली घेऊन कारखान्याच्या गेटासमोर येऊन बसल्या, एका तळाच्या, मग दुसऱ्या, मग ओढ्यापलीकडच्या. दुपारी गाळपाच्या गव्हाणीत टाकायला ऊस कमी पडायला लागला तेव्हा कारखान्याचे मोठे साहेब स्वतः गेटावर आले.

"तुमची पुढारी कोण?" त्यांनी विचारलं.

माझी आई उभी राहिली. आयुष्यात ती कधी साहेबाशी बोलली नव्हती. "आमची पुढारी पेटीत हाय," ती म्हणाली. "तुमीच कोंडून ठिवली."

साहेबांना कळेना. चेअरमन पुढं झाले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "साहेब, आधी बघा. मग बंद करा. एवढीच सूचना."

"अनुमोदन," गेटावरच्या सगळ्या बाया म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सिनेमा कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या मैदानात लागला. पडदा म्हणून गोदामाची चुना दिलेली भिंत. रशीदभाईंनी मशीन पार मागं नेलं, आणि उभ्या आयुष्यात आमचा सिनेमा पहिल्यांदा एवढा मोठा दिसला. साहेब खुर्चीवर, मुकादम त्यांच्यामागं उभे, आणि पुढं माणसांचा समुद्र. रांगेतल्या ट्रकच्या टपांवरही लोक. ते वाक्य आलं तेव्हा कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा आवाज झाला. साहेब खुर्चीत दचकले. मग मागं वळून मुकादमांच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले.

सिनेमा संपल्यावर त्यांनी चेअरमनना विचारलं, "तो माणूस खरंच विसरला होता का हो?"

"व्हय साहेब," चेअरमन म्हणाले. "आन रीळ महाग होतं."

साहेब हसायला लागले. त्या हंगामाचा हिशेब शेतकी ऑफिसच्या ओट्यावर, टोळीतल्या बायांसमोर, मोठ्यानं वाचून झाला. आणि मशीन कारखान्याच्या जीपनं पुढच्या तळावर पोचवलं.

त्यानंतर सिनेमा थांबलाच नाही. दुसऱ्या हंगामात दुसरे कारखाने बोलवायला लागले. तोपर्यंत चांगला पाऊसही झाला होता. वाढ्याचा भाव उतरला, पण आता लोक रोख देत होते. उन्हाळ्यात टोळ्या घरी परतल्या आणि बीडचा तो टॉकीजवाला आमच्या गावात आला. नेकनूरपासून धारूरपर्यंतची माणसं त्याच्या दारात येऊन 'मुकादमीण कधी लावता' म्हणून विचारत होती. या वेळी पडद्याचं भाडं चेअरमननी ठरवलं. पाच आठवडे चालला. भानुदास अण्णा रोज संध्याकाळी फेटा बांधून टॉकीजच्या दारात उभे राहायचे आणि लोक "अण्णा, म्हणा की!" म्हटले की आभाळाकडं बघून म्हणून दाखवायचे.

सगळा गल्ला साडेतीन लाख झाला. खर्चाच्या बरोब्बर दुप्पट.

लाभांश वाटायची सभा संस्थेच्या ओट्यासमोर ताडपत्री टाकून भरली. एकेक बाई पुढं येत होती, स्वतःच्या नावापुढं सही नाही तर अंगठा देत होती आणि पैसे स्वतःच्या कनवटीला लावत होती. ज्यांनी अंगमेहनत लिहून दिली होती त्यांनाही तेवढाच. आईनं नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत, नुसत्या डोळ्यांना लावल्या.

वाटप झाल्यावर सिनेमाच्या संस्थेच्या नव्या चेअरमनची निवड होती. नुसता उपचार, असं आम्हाला वाटलं. पण चेअरमन उठले, कोट झटकला आणि काकूंचं नाव सुचवलं. "हिशेब त्यांनी ठिवला," ते म्हणाले. "टोळीत त्यांनी सांभाळलं. मला तर नुसतं नाव हाय."

काकू लाजेनं लाल झाल्या. "माझा इरोध..." त्या म्हणायला लागल्या, पण टाळ्यांत तो ऐकूच आला नाही. त्यांचा विरोध गावानं फेटाळला तो तेवढा एकदाच.

काकू खुर्चीवर जाऊन बसल्या. ते ओट्यावरून खाली उतरले आणि ताडपत्रीवर बसायला जागा शोधू लागले. आई सरकली, "या, चेअरमन," म्हणाली.

"चेअरमन तिकडं बसल्या की," त्यांनी काकूंकडं बोट दाखवलं आणि आईच्या शेजारी, सगळ्यांसारखी मांडी घालून बसले. "मी आता सभासद हाय."

मग कोपरानं मला ढोसून हळूच म्हणाले, "बघ बघ, कशी शोभतीय." आणि काकूंनी सभा सुरू केली.